बापाच्या नावाचा तवा

मारित ब्रेकेने तो तवा पहिल्यांदा पाहिला तेव्हा तिच्या दोन्ही हातांत लिंबाच्या वड्यांचा ट्रे होता, हे सगळ्यांचं नशीब. हात मोकळे असते तर तिने हाताला लागेल ते उचलून फेकून मारलं असतं, आणि ज्याला मारलं असतं तो तिचा सख्खा भाऊ होता.

तवा नांगराचा होता. त्यांच्या बापाच्या, ऑर्विन ब्रेकेच्या, पहिल्या नांगराचा. डॅरिनने तो गोदामातून शोधून काढला होता, त्याचा गंज घासला होता, त्याला पांढरा रंग दिला होता, आणि त्याच्या खोलगट पोटात वेल्डिंगने जाडजूड अक्षरं उठवून त्यांत लाल रंग भरला होता: ऑर्विन. मग मधल्या भोकातून एक दणकट बोल्ट घालून तो खांबाला असा आवळला होता की वादळातही हलू नये. खोलगट बाजू माणसांकडे. आणि खांबासमोर, जेमतेम तीस पावलांवर, त्यांच्या आईची खुर्ची मांडून ठेवली होती. खुर्चीवर उशीसुद्धा होती.

ती उशी बघून मारितच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एवढा विचार करता आला, म्हाताऱ्या आईला बसायला टोचू नये इथपर्यंत डोकं चाललं, आणि त्याच डोक्याने तिला असल्या वस्तूसमोर बसवलं.

गावाबाहेरच्या जुन्या खडीच्या खाणीत त्यांच्या क्लबाची चांदमारी होती. क्लबाचा रिवाज जुना. कुणी सभासद गेला की कापणी उरकल्यावरच्या शनिवारी त्याच्या नावाची पोलादी पाटी टांगायची, आणि त्याच्याच रायफलीने प्रत्येकाने तिच्यावर एकेक गोळी झाडायची. पहिली गोळी घरच्या माणसाची, शक्यतो जोडीदाराची. पाटी वाजली की गेलेल्याला पोचलं. मग क्लबाच्या शेडमध्ये ओव्हनमध्ये भाजलेली बटाट्याची हॉटडिश, कॉफी आणि वड्या, आणि गेलेल्याच्या फजितीच्या गोष्टी. आतापर्यंतच्या सगळ्या पाट्या ऑर्विननेच बनवल्या होत्या. या वर्षी पाटी त्याच्याच नावाची होती. वसंतात बीट पेरताना ट्रॅक्टरवरच त्याचं हृदय थांबलं होतं.

पाटी मी बनवते, असं मारित उन्हाळ्यातच म्हणाली होती. ती तालुक्याच्या वर्कशॉपमध्ये वेल्डर होती, बापाच्या हाताखाली तयार झालेली. पण डॅरिन म्हणाला, राहू दे, मी बघतो. तिला वाटलं, बाबांनी शेडमध्ये करून ठेवलेल्या कोऱ्या पाट्यांपैकी एखादी उचलून तो रंगवेल. त्याने काय बघितलं ते आता समोर दिसत होतं.

तिने ट्रे टेबलावर ठेवला आणि ती खांबापाशी गेली. बापाने आयुष्यभर जे केलं तेच तिने केलं. उघडा तळवा पाटीवर ठेवला आणि हळूच फिरवला. ऑर्विन दर शनिवारी सकाळी प्रत्येक पाटीवरून असा हात फिरवायचा, लोक यायच्या आधी. गोळी जिथे बसते तिथे पोलाद गुळगुळीतच राहिलं पाहिजे. खड्डा पडला, कड उभी राहिली, नख अडकलं, की ती पाटी भंगारात. कारण सपाट कडक पोलादावर शिसं आपटलं की त्याचा चुरा होऊन पाटीला लागूनच बाजूला उडतो. खड्ड्यात किंवा उंचवट्यावर आपटलं तर ते कुठे वळेल ते सांगता येत नाही, आणि बऱ्याचदा ते जिथून आलं तिथेच परत जातं.

इथे नख अडकायचा प्रश्नच नव्हता. अक्षरांवर अख्खं बोट अडकत होतं. आणि वेल्डिंगच्या आचेने तव्याचं पाणी उतरलं असणार, म्हणजे अक्षरांच्या आजूबाजूचं पोलाद आता मऊ, तिथे पहिल्या काही गोळ्यांतच खड्डे पडणार. वर तवा खोलगट. म्हणजे जे काही उडेल ते गोळा करून नीट समोर पाठवायची सोय. आणि समोर कोण, तर आई, आर्डिस ब्रेके, वय एक्याऐंशी. डावा डोळा कधीच गेलेला, उजव्या डोळ्यावर सगळा कारभार.

"कसा झालाय?" मागून डॅरिनने विचारलं.

तो नवीन शर्ट घालून आला होता. हातावर वेल्डिंगच्या ठिणग्यांचे बारीक डाग होते, ते झाकायला बाह्या खाली ओढलेल्या. चेहरा असा की पहिलं बक्षीस मिळालेल्या पोराचा असावा. दुसरी एखादी बहीण त्या चेहऱ्याकडे बघून विरघळली असती. मारितला आणखी चीड आली.

"काढ तो," ती म्हणाली.

"काय?"

"खाली काढ. आत्ता. लोक यायच्या आधी."

डॅरिनला आधी वाटलं ती थट्टा करतेय. मग त्याने तिच्याकडे नीट बघितलं आणि त्याचे कान लाल झाले. तो म्हणाला, तवा चांगला कडक आहे, खडकाळ जमिनीत तीस वर्षं चाललाय, घासताना अर्धा डझन चाकं झिजली. मारित म्हणाली, कडक होता, तू त्याच्यावर बापाचं नाव भाजेपर्यंत कडक होता. तो म्हणाला, तुझ्यासारखी सुबक वेल्डिंग मला येत नाही हे मला माहीत आहे, टोमणा मारायची गरज नाही. ती म्हणाली, अरे अक्षर सुबक असतं तरी आई मेलीच असती.

हे बोलणं तिने हळू आवाजात केलं असतं तर बरं झालं असतं. पण मारितला हळू आवाज कधी जमलाच नव्हता, आणि तोवर गाड्या येऊन लागल्या होत्या.

लोक येत गेले तसे तव्यापाशी थांबत गेले. बायका डोळे टिपत होत्या. कुणी म्हणालं, ऑर्विनच्या पहिल्या नांगराचा तवा, यापेक्षा योग्य काय असणार. कुणी डॅरिनच्या पाठीवर थाप मारली. क्लबाचा अध्यक्ष वेंडेल, पोट पुढे आणि टोपी मागे, त्याने तव्याचा फोटो काढून क्लबाच्या ऑनलाइन पानावर टाकलासुद्धा.

आणि मारित बघत राहिली. ही सगळी तीच माणसं होती. यांच्यापैकी एकेकाला ऑर्विनने याच खाणीत झापलं होतं. कुणी गॅसच्या सिलिंडरचं झाकण आणून टांगलं होतं, कुणी ट्रकच्या ब्रेकचा ड्रम, कुणी रेल्वेच्या रुळाखालची पाटी. ऑर्विन एक शब्द न बोलता ते काढायचा, ज्याचं त्याच्या गाडीत नेऊन टाकायचा आणि मग जे तोंड सुटायचं ते खाणीच्या पलीकडच्या काठावर ऐकू जायचं. साखळीला मोकळी टांगा. वरची कड पुढे झुकवा म्हणजे चुरा जमिनीत जाईल. बोल्टचं डोकं गोळीसमोर ठेवू नका. रायफल असेल तर शंभर यार्ड मागे व्हा. चष्मा लावा, तुमच्या बायकोला आंधळा नवरा नकोय. तीस वर्षं त्याने घसा फोडला, म्हणून तीस वर्षांत या खाणीत कुणाच्या अंगावर ओरखडा उठला नाही. आणि त्याच्या नावाने टांगलं काय, तर त्याने आयुष्यात जे जे फेकून दिलं त्या सगळ्याचा अर्क.

ती वेंडेलकडे गेली. "तुम्हाला तरी कळायला हवं होतं," ती म्हणाली. "बाबांनी तुमचा तो ड्रम फेकला होता तेव्हा तुम्ही महिनाभर तोंड फुगवून होता. आठवतंय ना?"

वेंडेलने तिला बाजूला घेतलं. आवाज मऊ केला. हा मऊ आवाज तो पैसे मागायला आणि मयताला वापरायचा. तो म्हणाला, तुझं खरं असेल, पण आजचा दिवस तेवढा जाऊ दे. एकेक तर गोळी आहे. उद्या काढून शेडमध्ये लावू. डॅरिनने किती मनापासून केलंय बघ.

"मनापासून केलं म्हणजे शिसं वळून येणार नाही का?"

"तू आज जरा... तुझी मनःस्थिती ठीक नाही. आपल्या सगळ्यांचीच नाही."

मारितने डोळे मिटून घेतले. रागावलेल्या बाईला मनःस्थिती असते आणि रागावलेल्या पुरुषाला मुद्दा असतो, हे तिला वर्कशॉपमध्ये पहिल्याच वर्षी कळलं होतं. ऑर्विन हेच बोलला असता तर वेंडेल पाना आणायला पळाला असता.

आई शेडमध्ये बसली होती. कोट अंगावर, काठी मांडीवर, हातात कॉफी. मारितने तिला सांगून बघितलं की तू त्या खुर्चीवर बसू नकोस. आर्डिसने तिच्याकडे चांगल्या डोळ्याने बघितलं आणि विचारलं, कॉफी कुणी केली आहे, इतकी पाणचट. मारितने पुन्हा सांगितलं. आर्डिस म्हणाली, ऐकलं मी. या घरातल्या दोन बायकांपैकी सगळं बोलणं एकीच्या वाट्याला आलं होतं आणि सगळं गप्प बसणं दुसरीच्या.

मारित बाहेर आली ती सरळ आपल्या ट्रककडे. लोकांना वाटलं निघाली रुसून. दोघातिघांनी सुटकेचा निःश्वास टाकलेला तिला दिसला. तिने मागची पेटी उघडली आणि वेल्डिंगचं चामडी जाकीट आणि तोंडावरची जाड, पारदर्शक ढाल काढली. मग शेडमागून प्लायवूडचा जाडजूड तुकडा ओढत आणून खुर्चीशेजारी उभा केला. मग भंगारातून बियाण्याच्या एका मोठ्या खोक्याचा पुठ्ठा फाडला, आईच्या खुर्चीवरची उशी काढून फेकली आणि त्या जागी पुठ्ठा उभा करून तारेने बांधला, बसलेल्या माणसाएवढा उंच.

"ही आई," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "आता झाडा गोळ्या. झाडणारा प्लायवूडच्या मागे, जाकीट आणि ढाल लावून. बाकीचे सगळे गाड्यांच्या मागे. आईला काही झालं नाही तर मी डॅरिनची माफी मागेन आणि तुमची भांडी घासेन."

गर्दीत खसखस पिकली. डॅरिन पुढे आला. त्याचा संताप आता तिच्याइतकाच चढला होता. सगळ्या गावासमोर त्याच्या बहिणीने त्याला खुनी ठरवलं होतं, बापाच्या नावाच्या दिवशी. तो म्हणाला, मीच झाडतो. मग टेबलावरचा काळा मार्कर उचलून तो खुर्चीपाशी गेला आणि त्याने पुठ्ठ्यावर मोठा गोल चष्मा काढला. त्याखाली मुरडलेलं नाक काढलं, वर कुरळे केस.

"आता झाली आई," तो म्हणाला.

लोक मनमोकळे हसले. चित्र खरंच आर्डिससारखं झालं होतं. डॅरिनच्या हातात लहानपणापासून चित्र होतं, कुणी त्याचं काही केलं नाही एवढंच.

प्लायवूडला मारितने एक खाच कापली. डॅरिनने जाकीट चढवलं, ढाल लावली, बापाची लिव्हरवाली रायफल खाचेत टेकवली. सगळे गाड्यांमागे गेले. त्याने नेम धरला आणि झाडली.

तवा वाजला. त्या आवाजाबद्दल मारितलाही काही बोलता आलं नसतं. लांबलचक, भरलेला, खाणीच्या भिंतींवरून फिरून आलेला. डॅरिन जाऊन पुठ्ठा बघून आला. कोरा.

"अजून एक," मारित म्हणाली.

तीही कोरी. लोक गाड्यांमागून बाहेर येऊ लागले. ती त्यांच्यावर ओरडली तेव्हा ते परत मागे गेले, पण आता हसत, एकमेकांना कोपर मारत. वेंडेल म्हणाला, भांडी बरीच आहेत हो आज. डॅरिनने ढाल वर केली आणि विचारलं, झालं का समाधान?

"आज किती जण झाडणार आहेत?"

"सगळे."

"मग सगळ्यांच्या गोळ्या झाड. मला दोन गोळ्यांचं काय सांगतोस? आई त्या खुर्चीवरून दोन गोळ्यांनंतर उठणार आहे का? ती शेवटपर्यंत बसणार, प्रत्येकाला थँक्यू म्हणायला."

हे खरं होतं. घरच्या माणसाने शेवटच्या गोळीपर्यंत बसायचं, हाही रिवाजच होता. वेंडेल म्हणाला, आता पुरे. कुणी तरी म्हणालं, हॉटडिश गार होतेय. पण डॅरिनने ढाल खाली ओढली. त्याला आता लोकांशी घेणंदेणं नव्हतं. त्याने रायफल भरली आणि एकामागून एक झाडायला सुरुवात केली, तवा थांबतोय न थांबतोय तोवर पुढची. तो बहिणीला उत्तर देत होता. कदाचित बापालाही देत असेल. पांढरा रंग उडून गेला, लाल अक्षरांचे टवके उडाले, एका अक्षराचा पाय तुटून पडला. तवा वाजत राहिला.

मग एका गोळीला तो वाजला नाही. नुसता थड् असा आवाज आला, ओल्या लाकडावर कुऱ्हाड बसावी तसा. त्याच क्षणी खुर्ची हलली.

फार नाही, जरा. कुणी शेजारून जाताना धक्का लागावा एवढीच. डॅरिनने रायफल खाली केली, खाली ठेवली आणि तो प्लायवूडमागून बाहेर आला. मारित त्याच्या आधी पोचली. चित्रातल्या चष्म्याच्या उजव्या काचेच्या खाली, बोटभर अंतरावर, पुठ्ठा फाटला होता. भोक गोल नव्हतं. वेडंवाकडं, कडा आत वळलेल्या. मागच्या बाजूला मातीत तिला कपची सापडली, तांबं आणि शिसं एकत्र पिळलेलं, एका बाजूला वस्तऱ्यासारखं. अजून गरम होतं.

कुणी हसलं नाही. वेंडेलने टोपी काढली, ती कशासाठी हे त्यालाही कळलं नसावं.

मारितला वाटलं होतं, हे झालं की तिला बरं वाटेल. तसं काही झालं नाही. पुन्हा रागच वर आला, आधीपेक्षा जास्त. तिने ती कपची डॅरिनच्या हातात कोंबली. "धर. हे तुझ्या मनापासून," ती म्हणाली. "तीस वर्षं तो माणूस याच जागी ओरडत होता. तू कुठे होतास? कानात बोळे घालून बसला होतास? सपाट, मोकळी, पुढे झुकलेली, समोरून वेल्डिंग नाही. क्लबातल्या प्रत्येक गाढवाला पाठ आहे. पोटच्या पोराला नाही?"

"नाही," डॅरिन म्हणाला.

ढाल अजून त्याच्या डोक्यावर वर सरकवलेली होती. त्याखाली त्याचा चेहरा घामाने भिजला होता. "नाही पाठ. कारण ते गावाला सांगायचे, मला सांगायचे नाहीत. मी त्यांच्या वर्कशॉपमध्ये पाय ठेवला की मला एकच शब्द होता. सरक. तुला हात धरून शिकवलं, मारित. मला म्हणाले सरक. मी सरकलो. नंतर मी इथे येणंच सोडलं. मला वाटलं, ते गेल्यावर तरी एक वस्तू मी त्यांच्यासाठी करेन आणि कुणी मला सरक म्हणणार नाही." त्याने हातातल्या कपचीकडे बघितलं. "आणि बघ काय केलं मी."

मारितला तो शब्द ऐकू आला, बापाच्या आवाजात, तसाच आखूड. सरक. ती स्वतः त्या वेळी तिथे असायची, हातात वेल्डिंगची कांडी, बापाच्या खांद्याला खांदा लावून, आणि तिला तो शब्द कधी ऐकू आल्यासारखा वाटलाच नव्हता, कारण तो तिच्यासाठी नसायचा. परक्यांसाठी घसा फोडायला माणसाकडे वेळ होता. दारात उभ्या असलेल्या मुलाला दोन वाक्यं सांगायला नव्हता. आणि आता आपण मातीखाली आरामात पडून राहिला, नाही म्हणायचं काम मुलीच्या गळ्यात बांधून आणि चूक करायचं काम मुलाच्या. तिला बापाची इतकी चीड आली की डोळ्यांत पाणी आलं. पाणी आल्याचीही चीड आली.

"सरका," मागून आवाज आला.

आर्डिस होती. शेडपासून इथपर्यंत ती कुणाचा हात न धरता आली होती, खडीवरून, काठी टेकत. लोकांनी वाट दिली. ती खुर्चीपाशी थांबली, पुठ्ठ्याच्या अगदी जवळ तोंड नेलं आणि चांगल्या डोळ्याने नीट बघितलं. चष्मा बघितला, नाक बघितलं, केस बघितले. मग भोकात बोट घालून बघितलं.

"आई, बसतेस का जरा?" डॅरिन म्हणाला. मग आपण काय बोललो ते त्याच्या लक्षात आलं.

"इथे? नको." ती सगळ्यांकडे वळली. आवाज तिचा मोठा नव्हता, पण खाणीत वारासुद्धा थांबला होता. "मला गोळी झाडायची आहे का, हे मला कुणी विचारलं का? तू विचारलंस, डॅरिन? तू, मारित? तू मला बसू नको म्हणून सांगायला आलीस. तो बस म्हणून सांगायला आला. तुमच्या बापाचं तेच. तीस वर्षं शनिवारी सकाळी मी गाडीत बसून राहिले, तो पाट्यांवरून हात फिरवून येईपर्यंत. मला बंदुकीचा आवाजच आवडत नाही. कधीच आवडला नाही. हे या खाणीत एका माणसाला माहीत असेल तर हात वर करा."

कुणी हात वर केला नाही. वेंडेलने टोपी परत डोक्यावर घातली.

"वाटलंच मला," आर्डिस म्हणाली.

ती काठी टेकत तव्याकडे निघाली. मारित आणि डॅरिन दोघंही पुढे झाले, ती थांबली आणि तिने दोघांकडे असं बघितलं की दोघंही जिथल्या तिथे उभे राहिले. तवा अजून तापलेला असणार. तिने हात लावला नाही. कोटाचं बटण नीट केलं, काठी उलटी धरली आणि मुठीचा जाड भाग तव्याच्या कडेवर जोरात हाणला.

तवा वाजला. गोळ्यांनी तडा गेल्यामुळे आवाज जरा फाटका होता, पण खाणीच्या काठापर्यंत गेला.

"घे," ती तव्याला म्हणाली. "पोचलं का?"

तिने आणखी एकदा हाणला. या वेळी जास्त जोरात, आणि त्यात प्रेम किती आणि तीस वर्षांचे शनिवार किती हे कुणी सांगू शकलं नसतं. मग काठी सरळ केली आणि ती परत आली. वेंडेलला म्हणाली, हॉटडिश वाढायला घ्या, माणसं उपाशी उभी आहेत. वेंडेल पळाला.

मारित ट्रककडे गेली आणि पाना आणि ग्राइंडर घेऊन आली. डॅरिन खांबापाशी उभा होता. तिने पाना त्याच्या हातात दिला. बोल्ट गरम आहे, हातमोजे घाल, असं ती त्याला ओरडली, आणि ओरडल्यावर तिच्या ध्यानात आलं की आवाज हुबेहूब बापाचा निघाला. डॅरिनच्याही आलं असावं. त्याने तिच्याकडे एकदा बघितलं आणि हातमोजे घातले. ती सरक म्हणाली नाही. ती त्याच्या शेजारी उभी राहिली आणि रागारागानेच सांगू लागली, पाटी कुठलं पोलाद बघून घ्यायची, ज्योतीने का कापायची नाही, साखळी कुठे अडकवायची, कड किती झुकवायची. तो बोल्ट सोडवत ऐकत होता. मधेच त्याने विचारलं की नाव मग लिहायचं कुठे. ती म्हणाली, खांबावर लिही गाढवा, खांबावर कोण गोळी मारतंय.

मागे आर्डिस खुर्चीवरच्या तारा सोडवत होती. तिने कुणाला हात लावू दिला नाही. पुठ्ठा सुटला तसा तो तिने काखेत धरला, चित्र बाहेरच्या बाजूला.

"आई, तो फेकून दे," डॅरिन म्हणाला. "प्लीज. मी जाळून टाकतो."

"का? चांगलं काढलंयस," आर्डिस म्हणाली. "शाळेतून आणायचास तेव्हाही चांगलीच काढायचास. फ्रिजवर लावणार आहे मी. चुंबक मोठा लागेल."